असाटीगच्या घोड्यांची वही

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या असाटीग या लांबट वालुकामय बेटाचा उत्तर भाग मेरीलँड राज्यात, तर दक्षिण भाग व्हर्जिनियात आहे, आणि राज्यांच्या सीमेवर कुंपण आहे. मेरीलँडकडे १९६८ साली अवघे २८ मोकाट घोडे होते. त्यांना मारणारं जनावर बेटावर नाही. कळप वाढला आणि वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारं गवत त्याच्या पोटात जाऊ लागलं. घोड्यांचे जन्म रोखण्यासाठी संशोधक जे कर्कपॅट्रिक आणि जॉन टर्नर यांनी इतरत्र नरांना संप्रेरकं देऊन पाहिली होती. उपाय लागू पडला, पण त्यासाठी एकेका नराला गुंगी द्यावी लागे. मग १९८८ साली त्यांनी अर्विन लिऊ यांच्या साथीने असाटीगच्या माद्यांना गर्भनिरोधक लस टोचली. कत्तलखान्यातून आणलेल्या डुकरिणींच्या अंडाशयांतून बीजांडाच्या आवरणातली प्रथिनं काढून ही लस बनवतात. घोडीच्या अंगात त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती तिच्या स्वतःच्या बीजांडाला वेढतात आणि शुक्राणूला वाट मिळत नाही.

जन्म घटल्याचं सगळं श्रेय प्रयोगशाळेला देण्याची रीत आहे, पण माझ्या मते निम्मं श्रेय वहीचं आहे. ही लस आधी दोनदा आणि पुढे वर्षाला एकदा द्यावी लागते. म्हणजे कोणती घोडी टोचली, कोणती राहिली, कोणाचं शिंगरू झालं, हे ठाऊक हवं. असाटीगवर रंग आणि खुणांवरून प्रत्येक घोडी ओळखता येत होती, तिची नोंद होती आणि दुरून डार्ट मारता येईल इतकी ती जवळ येऊ देत होती. पश्चिमेकडच्या राज्यांत हजारो रानघोड्यांपुढे ही लस अपुरी पडते, असा आक्षेप घेतात. तो खरा आहे, पण त्यातून माझंच म्हणणं पुढे जातं: तिथेही लस तीच आहे, अफाट माळरानावर एकेका घोडीचा हिशेब मात्र ठेवता येत नाही.

दुसरा आक्षेप निसर्गात ढवळाढवळ केल्याचा. मुळात हे घोडे माणसानेच आणलेले. शिवाय कुंपणापलीकडे, व्हर्जिनियात, दर जुलैला कळप खाडी पोहवत नेतात आणि शिंगरं लिलावात विकतात. ढवळाढवळ तिथेही आहे, फक्त तिची जत्रा भरते. खरी अडचण वेगळीच निघाली. गाभण राहणं आणि दूध पाजणं टळल्याने लसवंत घोड्या धट्ट्याकट्ट्या झाल्या आणि कितीतरी जास्त जगू लागल्या. परिणामी जन्म घटूनही कळपाची संख्या वर्षानुवर्षं फारशी उतरेना.