आरएनएवरची छोटीशी खूण आणि मेंदूतला सर्वात आक्रमक ट्यूमर: नेमका संबंध काय?

'ब्रेन ट्यूमर वाढवणारं स्विच सापडलं' किंवा 'साध्या वेदनाशामक गोळीने ट्यूमर थांबला' अशा आशयाच्या पोस्ट अधूनमधून फिरत असतात. घरात रुग्ण असेल तर अशी पोस्ट डॉक्टरांनाही पाठवली जाते. या बातम्यांच्या मागे बहुतेक वेळा खरं संशोधन असतं. पण ते पेट्रीडिश आणि उंदरांपर्यंतच पोहोचलेलं असतं, हे मथळ्यात येत नाही.

ट्यूमर कोणता?

या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे ग्लायोब्लास्टोमा. मोठ्या माणसांच्या मेंदूतच सुरू होणाऱ्या कर्करोगांमध्ये हा सर्वाधिक आढळतो. त्याच्या पेशी निरोगी मेंदूत मुळांसारख्या पसरतात, त्यामुळे शस्त्रक्रियेत गाठ काढली तरी काही पेशी मागे राहतातच. २००५ मध्ये एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ५७३ रुग्णांच्या या चाचणीत नुसत्या रेडिएशनऐवजी सोबत टेमोझोलोमाइड हे औषध दिल्यावर मध्यम आयुर्मान १२.१ महिन्यांवरून १४.६ महिन्यांवर गेलं. फरक अडीच महिन्यांचा. तरीही तीच पद्धत आज जगभर उपचारांचा पाया आहे, यावरून हा आजार किती चिवट आहे ते कळतं.

आरएनएवर खूण म्हणजे काय?

डीएनए हा कपाटात जपून ठेवलेला मूळ कागद मानला, तर एमआरएनए ही त्याची झेरॉक्स. पेशी या झेरॉक्सवरून प्रथिनं बनवते. आता या झेरॉक्सच्या समासात कुणी पेन्सिलीने लिहिलं, 'हे आधी घ्या' किंवा 'वापरून झालं, फाडून टाका', तर मजकूर तोच राहतो पण कागदाचं नशीब बदलतं.

एम६ए ही तशीच एक खूण आहे. आरएनएतल्या ॲडेनिन या अक्षरावर एक मिथाइल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटवला जातो. ही खूण एमआरएनएवर असते हे १९७४ पासून माहीत होतं, पण तिच्याकडे फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २०११ मध्ये शिकागो विद्यापीठातल्या चुआन हे यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की एफटीओ नावाचं प्रथिन ही खूण पुसू शकतं. लिहिलेलं पुसता येतं म्हणजे पेशी त्याचा वापर करत असणार! तिथून या विषयाला वेग आला. पुढच्याच वर्षी माणसाच्या हजारो जनुकांच्या एमआरएनएवर ही खूण कुठे कुठे असते याचे नकाशे तयार झाले.

खूण लावण्याचं मुख्य काम मेटल-३ आणि मेटल-१४ ही जोडी करते. पुसण्याचं काम एफटीओ आणि एएलकेबीएच५ करतात. खूण वाचून पुढची कारवाई करणारी प्रथिनं वेगळीच. त्यातलं वायटीएचडीएफ२ हे बहुतेक वेळा खूण असलेला आरएनए लवकर नष्ट करायला लावतं.

मग ट्यूमरशी काय संबंध?

ग्लायोब्लास्टोमात मूळपेशींसारख्या वागणाऱ्या काही पेशी असतात. उपचारांतून तगून पुन्हा गाठ उभी करतात त्या बहुधा याच.

२०१७ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमधल्या गटाला या पेशींमध्ये खूण पुसणारं एएलकेबीएच५ जास्त आढळलं. ते फॉक्सएम१ या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाच्या आरएनएवरची खूण पुसतं, मग फॉक्सएम१ वाढतं आणि पेशींना बळ मिळतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या सिटी ऑफ होप संस्थेच्या गटाने मेटल-३ आणि मेटल-१४ कमी केले, तेव्हा ट्यूमरच्या या मूळपेशी जोमाने वाढल्या. उलट एफटीओला रोखणारं रसायन दिल्यावर उंदरांमधली गाठ मंदावली. थोडक्यात, खुणा कमी झाल्या की ट्यूमर जास्त.

चित्र स्पष्ट वाटत होतं. पण बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या कुमारवेल सोमसुंदरम यांच्या गटाने बरोबर उलटं दाखवलं. त्यांच्या प्रयोगांत मेटल-३ या पेशींना आवश्यकच ठरलं. ते सॉक्स२ जनुकाच्या आरएनएवर खूण लावतं, त्यामुळे तो आरएनए टिकतो आणि पेशी रेडिएशनला दाद देत नाहीत. मेटल-३ कमी केल्यावर रेडिएशनचा परिणाम वाढला.

गंमत म्हणजे दोन्ही कथांमध्ये एचयूआर हे एकच मदतनीस प्रथिन आहे. ह्यूस्टनच्या प्रयोगात खूण पुसल्यावर ते आरएनएला घट्ट धरतं, बंगळुरूच्या प्रयोगात खूण लागल्यावर. यात कुणीतरी एक चुकलंच असेल असं नाही. एकाच पेशीत हजारो आरएनएवर खुणा असतात आणि कुठल्या आरएनएवर, कुठल्या जागी, आसपास वाचणारं कोण, यावर परिणाम ठरतो. शिवाय वेगवेगळ्या रुग्णांच्या गाठी वेगळ्या असतात. 'खूण वाईट' किंवा 'खूण चांगली' असं एका ओळीत सांगणारी पोस्ट म्हणूनच अर्धवट ठरते.

औषध कुठवर आलं?

वेदनाशामक गोळीची गोष्ट इथे येते. सिटी ऑफ होपने वापरलेलं रसायन मेक्लोफेनॅमिक ॲसिड या जुन्या वेदनाशामकापासून बनवलेलं होतं. ती गोळी नव्हे, तिचं बदललेलं रूप, आणि तेही उंदरांवर वापरलेलं. मूळ गोळी घेऊन माणसाच्या मेंदूतली गाठ कमी होते असं या प्रयोगातून मुळीच सिद्ध होत नाही. ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांना सूज, फिट आणि रक्तस्रावाचा धोका असतो, अनेकांना स्टिरॉइड चालू असतात. स्टिरॉइडसोबत अशा वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते.

मेटल-३ला रोखणारं एसटीसी-१५ हे औषध मात्र माणसांपर्यंत पोहोचलं आहे. केंब्रिजच्या स्टॉर्म थेरप्युटिक्स कंपनीने २०२२ मध्ये त्याची पहिल्या टप्प्याची चाचणी सुरू केली, तीही शरीरातल्या विविध गाठींसाठी. पहिल्या टप्प्यात मुख्यतः डोस आणि सुरक्षितता तपासली जाते. मेंदूच्या बाबतीत आणखी एक अडथळा असतो: रक्तातून मेंदूत काय जाऊ द्यायचं यावर पहारा ठेवणारी रक्तवाहिन्यांची भिंत. ती बहुतेक औषधांना आत सोडत नाही. टेमोझोलोमाइड तिच्यातून जाऊ शकतं. आणि तेही मिथाइल गटच चिकटवतं, फक्त आरएनएऐवजी ट्यूमरच्या डीएनएवर, त्याला मोडण्यासाठी.