बिनखात्याचा किडा

डासाने हिवताप दिला, पिसवेने प्लेग दिला, उवेने टायफस दिला. ढेकूण हजारो वर्षे माणसाच्या अंथरुणात राहून त्याचे रक्त पितो आहे, तरी त्याने एखादी साथ पसरवल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही. त्याच्या पोटात अनेक रोगजंतू सापडले, काही तिथे काही काळ जगलेही; पण त्याच्या चाव्यातून एखादा आजार गावभर गेला असा पुरावा मिळाला नाही.

वरवर पाहता ही माणसाच्या फायद्याची गोष्ट आहे. पण तिची दुसरी बाजूही आहे. रोग नाही म्हणून खाते नाही. प्लेगसाठी कमिशन बसले, हिवतापासाठी राष्ट्रीय कार्यक्रम झाला, उंदीर मारायला मुंबई महापालिकेची माणसे आजही रात्री फिरतात. ढेकणाच्या वाट्याला असा राष्ट्रीय कार्यक्रम कधी आला नाही. राजकारणात बिनखात्याचे मंत्री असतात, तसा हा बिनखात्याचा किडा. त्याला सरकारी बंदोबस्ताचा जो फटका बसला, तो दुसऱ्याच कुणासाठी चाललेल्या मोहिमेतला होता. उरलेले सगळे काम घरातल्या बाईच्या अंगावर पडले, आणि तेही गुपचूप करण्याचे काम म्हणून. ढेकूण टिकला तो या व्यवस्थेमुळे, असे मला या विषयाची कागदपत्रे वाचताना वाटत आले आहे.

आपल्या जुन्या वाङ्मयात तो ‘मत्कुण’ या नावाने भेटतो. पंचतंत्राच्या ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात त्याची एक गोष्ट आहे. राजाच्या शय्येत मंदविसर्पिणी नावाची ऊ राहत असते. राजा गाढ झोपला की ती हळूच रक्त पिते, त्यामुळे तिचा कुणाला पत्ता नसतो. एके दिवशी अग्निमुख नावाचा ढेकूण पाहुणा म्हणून येतो. थांब म्हटलेले असूनही राजाला झोप लागण्याआधीच चावतो. राजा ओरडून उठतो, सेवक दिवा घेऊन शोधू लागतात. ढेकूण तोवर पलंगाच्या फटीत शिरलेला असतो. सापडते ती ऊ, आणि मारली जाते तीही ऊच. ज्याचा स्वभाव ठाऊक नाही त्याला आसरा देऊ नये, हे गोष्टीचे तात्पर्य. पण कीटक म्हणून पाहिले तरी निरीक्षण पक्के आहे. ढेकूण अंगावर राहत नाही. पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि फटीत परत जातो. शोध सुरू होतो तेव्हा तो जागेवर नसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मात्र उलटे झाले. दुसऱ्याचा गुन्हा ढेकणाच्या माथी आला. आसाम, बंगाल आणि मद्रासमध्ये काळा आजार माणसे मारत होता. तो एका घरातून दुसऱ्या घरात कसा जातो हे कोडे होते. १९०४ च्या सुमारास लिओनार्ड रॉजर्स यांनी ढेकणाकडे बोट दाखवले. मद्रासजवळच्या गिंडी इथल्या किंग इन्स्टिट्यूटमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांनी ढेकणांना रुग्णांचे रक्त पाजून पाहिले, आणि रोगाचा परजीवी ढेकणाच्या पोटात वाढतो असे १९०७ मध्ये जाहीर केले. पुढची बरीच वर्षे ढेकणाकडे शास्त्राचे इतके लक्ष होते, तितके भारतात पुन्हा कधी लागले नाही. त्याची अंडी, त्याची वाढ, त्याची भूक, सगळे तपासले गेले. शेवटी १९४२ मध्ये स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांतून खरा वाहक सिद्ध केला. ती होती वाळूमाशी. ढेकूण निर्दोष सुटला, आणि त्याच दिवशी शास्त्राच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचाही झाला.

मुंबईची कथा याहून वेगळी नाही. १८९६ मध्ये शहरात प्लेग आला. घरे कार्बोलिकने धुतली गेली, भिंतींना चुना लागला, अंथरुणे जाळली गेली, उजेड आत यावा म्हणून कौले काढली गेली. त्यात ढेकूणही मेले असणार, पण ती मोहीम त्यांच्यासाठी नव्हती. पुढे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत उंदरावरच्या पिसवेचा पुरावा मांडला. त्याच वर्षी मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला बीडीडीच्या चाळी उभ्या राहिल्या. एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणगावातल्या गाळ्यांत तर पाळीवर जाणारा उठला की पाळीवरून आलेला त्याच वळकटीवर आडवा होई. ढेकणाला यापेक्षा सोयीचे काय हवे? त्याचे अंथरूण कधी रिकामे राहत नव्हते.

या खोल्यांत ढेकणांशी लढाई कशी होई, ते आज साठी-सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही बाईला विचारावे. रविवारी बाज किंवा खाट गॅलरीत काढायची. सुंभ किंवा नवार सैल करायची. चुलीवरून उकळत्या पाण्याचे पातेले आणून ते एकेका सांध्यात ओतायचे. खाट जमिनीवर आपटायची, पडतील ते चिरडायचे. फटीत रॉकेलचा बोळा फिरवायचा. गोधड्या, सतरंज्या उन्हात टाकायच्या आणि संध्याकाळी झटकून आत घ्यायच्या. हे दर पंधरा दिवसांनी, काही घरांत दर आठवड्याला. गिरणीतल्या कामाचे तास मोजले गेले, त्यांच्यासाठी संप झाले. या कामाचे तास कुणी मोजले नाहीत.

आणि हे सगळे शेजाऱ्यांच्या नजरेसमोर. संगतीने हिऱ्याचाही नाश करणारा किडा अशी ढेकणाची ख्याती आपल्या संतवाणीपासून आहे. म्हणजे ढेकूण हा मुळातच हलक्या संगतीचा शब्द. घरात ढेकूण आहेत म्हणजे घरची बाई गबाळी, असा सरळ हिशेब होता. म्हणून पाहुण्यांसमोर विषय निघत नसे. मुलीला स्थळ येणार असेल तर आदल्या दिवशी खाट दुसऱ्याच्या खोलीत जाई, आणि ढेकूणही तिच्याबरोबर जात. खरे तर ढेकणाला घाणीशी काही देणेघेणे नाही. त्याला लागते माणसाचे रक्त आणि जवळची फट. स्वच्छ घरातही या दोन्ही गोष्टी असतात.

मग डीडीटी आले. पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण शोधला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांनी १९४६ च्या सुमारास कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत घरांच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारायला सुरुवात केली. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम देशभर गेला. लक्ष्य होते भिंतीवर विसावणारा डास. पण गावकऱ्याला डास मेलेला दिसत नाही, आणि ताप कमी झाला हे कळायला एक पावसाळा जावा लागतो. ढेकूण मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी बाजेखाली मरून पडलेले दिसत. पहिल्या वर्षांत फवारणीवाल्याचे स्वागत झाले ते बरेचसे या ढेकणांमुळे. भारतातच नव्हे, हिवतापविरोधी मोहिमा झालेल्या अनेक देशांत हा अनुभव नोंदला गेला आहे.

तीच गोष्ट पुढे उलटली. डीडीटीला न जुमानणारे ढेकूण १९४७ मध्येच हवाईतल्या नौदलाच्या बराकींत आढळले होते. पन्नासच्या दशकात भारतातूनही तशा नोंदी येऊ लागल्या. अशा ढेकणाला डीडीटी मारत नाही, बिथरवते. तो फटीतून बाहेर पडून भटकू लागतो. गावकऱ्याला दिसले ते एवढेच, की फवारणी झाली आणि ढेकूण वाढले. मग दारे बंद होऊ लागली. शेणाने सारवलेल्या भिंतीवर पांढरे डाग नकोत, देवघरात परका माणूस नको, ही कारणे होतीच. त्यात हे भरीला पडले. नियंत्रण कार्यक्रमाच्या आधी देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये ते पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. याची मुख्य कारणे डासांचा प्रतिकार, पैशांची टंचाई आणि यंत्रणेची ढिलाई ही होत. तरीही लोकांनी दार उघडणे किंवा न उघडणे याला त्यात जागा आहे, आणि लोकांचा तो कौल अनेकदा ढेकणावर ठरला. ज्याला कार्यक्रमात नाव नव्हते, त्याने कार्यक्रमाची पत आधी वाढवली आणि मग घालवली.

रोग नसतानाही सरकार यात पडू शकते, याचे उदाहरण आहे. ब्रिटनमध्ये १९३० च्या दशकात झोपडपट्ट्या पाडून लोकांना नव्या सरकारी घरांत हलवताना ढेकूण बरोबर येणार हे अधिकाऱ्यांनी गृहीत धरले. आरोग्य मंत्रालयाने १९३४ मध्ये ढेकणावर स्वतंत्र अहवाल काढला. अनेक नगरपालिकांनी कुटुंबाचे सामान बंद गाडीत भरून विषारी वायूची धुरी दिली आणि मगच नव्या घरात पोचवले. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात कीडग्रस्त घरे साफ करवून घेण्याचे अधिकार आले. त्यातही गरिबांकडे संशयाने पाहणे होतेच. पण ढेकूण हा घरबांधणीचा प्रश्न आहे, गृहिणीच्या गबाळेपणाचा नव्हे, हे तिथे कागदावर तरी मान्य झाले. वरळीच्या बीडीडी चाळींतली कुटुंबे आता टॉवरमध्ये जात आहेत. कपाटे, पलंग, गाद्या बरोबर जात आहेत. हा प्रश्न आपल्याकडेही विचारायला हवा.

तो विचारला जात नाही तोवर घरोघरी उसनी विषे येत राहतात. धान्याच्या गोदामात धुरी देण्यासाठी असलेल्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही ठिकाणी ढेकणांसाठी राहत्या घरात ठेवल्या जातात. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू निघतो. तो भिंतीतल्या फटींतून शेजारच्या खोलीत जातो आणि झोपलेली माणसे मरतात. महाराष्ट्रातल्या शहरांतूनही अशा बातम्या आल्या आहेत. ज्या किड्याने कुणाचा जीव घेतला नाही, त्याच्यापायी जीव जावा, यापरती शोकांतिका नाही.

म्हणून काय उपयोगी पडते, ते शेवटी सांगतो. आधी ओळख. चावे हा कच्चा पुरावा; एकाच पलंगावर एकाच्या अंगावर गांधी उठतात, दुसऱ्याला काहीच होत नाही. गादीची शिवण, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोके, भिंतीवरच्या तसबिरी, विजेच्या बटणांच्या पेट्या टॉर्चने पाहाव्यात. शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके दिसले आणि ओल्या कापसाने ते पसरले, तर ती ढेकणाची विष्ठा. सोबत फिकट साली आणि मिलिमीटरभर पांढरी अंडी असतात. मोठा ढेकूण पाच ते सात मिलिमीटरचा, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसणारा.

मग उपाय. उष्णतेला प्रतिकार करायला तो अजून शिकलेला नाही. पंचावन्न अंश तापमान आतपर्यंत पोचले तर अंडीदेखील मरतात. म्हणून चादरी, अभ्रे कडक पाण्यात भिजवावेत, शिवणींवर गरम इस्त्री किंवा वाफ फिरवावी. गादी नुसती उन्हात टाकली तर ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. लहान वस्तू काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून वैशाखाच्या उन्हात ठेवल्या तर जास्त गुण येतो. रॉकेल वापरू नये, आगीचा धोका मोठा. भिंतीतल्या आणि लाकडातल्या फटी लांबीने बुजवाव्यात. पलंग भिंतीपासून दूर घ्यावा. त्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे. पण वाटी कोरडी नको, कारण आपल्या उष्ण प्रदेशातला ढेकूण गुळगुळीत भिंतही चढतो. थंड देशांतल्या त्याच्या भावाला ते जमत नाही, त्यामुळे तिकडचे कोरडे सापळे इथे पुरे पडत नाहीत. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून एकदा करून भागत नाही. दहा-बारा दिवसांनी सगळे पुन्हा, आणि मग आणखी एकदा. मधल्या काळात दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नये, तो मागे येतो. औषध लागलेच तर परवानाधारक माणसाकडूनच मारून घ्यावे, आणि त्याने गोळ्या आणल्या तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

या यादीतली सगळ्यात अवघड गोष्ट मात्र पाण्याची किंवा इस्त्रीची नाही. चाळ असो की इमारत, ढेकूण भिंतीतून, वायरच्या नळीतून पलीकडे जातो. एकाने घर साफ केले आणि शेजाऱ्याने केले नाही, तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे आपल्या घरात ढेकूण झाले आहेत हे शेजारच्या दाराची कडी वाजवून सांगावे लागते, आणि मजल्यावरच्या सगळ्यांनी एकाच दिवशी काम काढावे लागते. २०२३ मध्ये पॅरिसला ढेकणांचा गवगवा झाला तेव्हा तिथल्या मंत्र्यांनी बैठका घेतल्या. आपल्याकडे निदान सोसायटीच्या सभेत हा विषय इतिवृत्तात लिहिला गेला, तरी एका बाईच्या डोक्यावरचे ओझे मजल्यावर वाटले जाईल.