चिनी वैद्यकातील उलटीचा विचार व उपचार

रायपूर : मराठीत या विकाराला ‘उलटी’ म्हणतात, आणि त्या एका शब्दात पारंपरिक चिनी वैद्यकाचा निम्मा सिद्धांत सामावलेला आहे. या वैद्यकानुसार शरीरात ‘ची’ ही प्राणशक्ती संचार करीत असते. जठरातील ‘ची’ची स्वाभाविक गती अधोगामी असून अन्न खाली आतड्याकडे नेणे हे तिचे कार्य होय. ही गती उलटली की मळमळ, ढेकर, उचकी व अखेरीस उलटी होते, असे मानले जाते.

चिनी वैद्य उलटीकडे कानांनीही पाहतात. आवाजासह अन्न बाहेर पडणे, आवाजाविना पडणे आणि नुसतेच कोरडे उमासे येणे यांना तेथे वेगवेगळी नावे आहेत. कारणेही निरनिराळी सांगितली जातात : बाहेरील थंडी वा उष्णता, अपचन, साठलेला कफ, जठराचे दौर्बल्य. याखेरीज राग व मनस्ताप यांमुळे यकृताची ‘ची’ जठरावर आक्रमण करते, असेही एक कारण दिले जाते. परीक्षेच्या सकाळी ज्यांच्या पोटात ढवळून येते, त्यांना हे पटण्यास अडचण पडू नये. वैद्य जीभ व नाडी पाहून रोग ‘अतिरेकाचा’ की ‘न्यूनतेचा’ हे ठरवतो आणि त्यानुसार उपचार बदलतो.

सुमारे १,८०० वर्षांपूर्वी होऊन गेलेले वैद्य चांग चुंगचिंग यांनी उलटीवर सविस्तर लिहिले आहे. शरीरातील गळवामुळे पू उलटून पडत असेल तर ती उलटी थांबवू नये, पू निघून गेल्यावर ती आपोआप थांबते, असे त्यांचे मत होते. आपल्या चरकसंहितेतही छर्दीचा वेग अडवू नये, असे सांगितले आहे. उलटी हा प्रत्येक वेळी शत्रू नसतो, हे दोन्ही परंपरांनी ओळखले होते.

चांग यांचा एक प्रसिद्ध काढा बानश्या नावाचा कंद आणि आले या दोनच द्रव्यांचा आहे. बानश्या ही अळू-सुरणाच्या कुळातील वनस्पती. कच्चा कंद विषारी असून घसा सोलवटून काढतो. म्हणून तो आले, तुरटी इत्यादींबरोबर संस्कारित करूनच वापरतात. हा प्रयोग घरी करण्याचा नव्हे. आले मात्र आपल्या स्वयंपाकघरातच आहे, आणि गरोदरपणातील मळमळीवर ते काहीसे उपयोगी पडते, असे आधुनिक चाचण्यांतही दिसून आले आहे.

ॲक्युपंक्चरमध्ये यासाठी प्रमुख बिंदू मानला जातो तो ‘नेइग्वान’, म्हणजे ‘आतला नाका’. मनगटाच्या आतील घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुरज्जूंच्या मधोमध तो असतो. येथे सुई टोचतात किंवा अंगठ्याने काही मिनिटे दाबतात. बेलफास्ट येथील भूलतज्ज्ञ जॉन डंडी यांनी १९८० च्या दशकात या बिंदूची शस्त्रक्रियेनंतरच्या उलट्यांसाठी चाचणी घेतली. पुढे २०१५ मध्ये कॉक्रेन संस्थेने ५९ चाचण्यांचा आढावा घेतला. या बिंदूच्या उत्तेजनाने शस्त्रक्रियेनंतरची मळमळ व उलटी कमी होते, असे त्यात आढळले. मात्र अनेक चाचण्यांच्या दर्जाबद्दल शंकाही नोंदविण्यात आली. ‘ची’चे अस्तित्व यातून सिद्ध होत नाही, आणि एका बिंदूवरून संपूर्ण पद्धतीची ग्वाहीही देता येत नाही.

ही विद्या भारतात येण्याची कथा मराठी वाचकांना जवळची वाटावी. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते. त्याच पथकातील डॉ. विजयकुमार बसू यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर आत्मसात केले व कोलकात्यात ते रुजविले. केंद्र सरकारने २०१९ मध्ये या पद्धतीला स्वतंत्र उपचारपद्धती म्हणून मान्यता दिली. महाराष्ट्रात तिच्यासाठी स्वतंत्र कायदा आहे. उपचार घेताना सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असल्याची खात्री करून घ्यावी.

रायपूरच्या उन्हाळ्यात मात्र सुई व काढा यांचा विचार नंतरचा. लू लागून उलट्या होत असतील, ताप चढला असेल व रुग्ण असंबद्ध बोलत असेल, तर अंगावर पाणी मारून शरीर थंड करीत त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. दूषित पाण्यामुळे होणारी कावीळही या शहराला अपरिचित नाही. तिचा प्रारंभ अनेकदा मळमळीनेच होतो आणि अशा वेळी अनोळखी काढे यकृताला अपाय करू शकतात. जुलाबासह उलट्या होत असल्यास ओआरएस चमच्या-चमच्याने पाजावे. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळावे. हे चमचे चहाचे समजावेत. उलटीत रक्त किंवा हिरवे पित्त दिसणे, छातीत वा पोटात तीव्र वेदना, असह्य डोकेदुखी, लघवी बंद होणे, मूल मलूल पडणे यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे जाण्यास विलंब करू नये.