अन्नदान आणि अन्नसंशोधन

भुकेल्यास अन्न देणे हे पुण्यकर्म होय, याविषयी कोणत्याही धर्मपरंपरेत दुमत नाही. परंतु कोणते अन्न, कोणास व केव्हा दिले असता शरीरास खरे बळ येते, हे शोधून काढण्यासाठी धन देणे, हेही दानच होय काय? मुंबई व पुणे येथील सुमारे शंभर वर्षांचा आहारसंशोधनाचा इतिहास या प्रश्नावर बराच प्रकाश टाकतो. प्रस्तुत लेखात त्यातील तीन टप्प्यांचा विचार करावयाचा आहे.

प्रश्न सर्वस्वी नवा नव्हे. दानीएलाच्या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात दानीएल व त्याचे सोबती राजाच्या पंक्तीचे अन्न नाकारतात, दहा दिवस शाकान्न व पाणी घेतात, आणि मग आपली तुलना इतर तरुणांशी करावी असे सुचवितात. ग्रंथकाराचा हेतू आहारशास्त्र शिकविण्याचा नसून निष्ठेची साक्ष देण्याचा आहे. तथापि ठरावीक मुदत, दोन गट आणि अखेरची पाहणी ही परीक्षणाची अंगे त्या कथेत स्पष्ट दिसतात. म्हणूनच वैद्यकाचे इतिहासकार तिचा उल्लेख करतात.

पहिला टप्पा मुंबईचा. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी हाफकिन संस्थेत आल्या. मातृमृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी त्यांना पाचारण केले होते. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब स्त्रियांना गरोदरपणी तीव्र रक्तक्षय होई व त्यात कित्येकींचा अंत होई. विल्स यांनी त्यांच्या आहाराची बारकाईने पाहणी केली. १९३१ साली त्यांनी दाखवून दिले की, यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थाने, हा रक्तक्षय बरा होतो. त्यातील अज्ञात गुणकारी घटकास पुढे ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ साली पालकाच्या पानांतून मिळविलेल्या द्रव्याला फॉलिक आम्ल हे नाव मिळाले, आणि विल्स यांचा घटक तोच, हे कालांतराने निश्चित झाले. आज जगभर गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या गोळीचे मूळ असे मुंबईच्या कामकरी स्त्रियांच्या दुखण्यात आहे.

दुसरा टप्पा पुण्याचा. येथे दात्याचा प्रवेश होतो. हेन्री वेलकम यांचा जन्म १८५३ साली अमेरिकेत, एका फिरत्या धर्मोपदेशकाच्या घरी झाला. इंग्लंडमध्ये औषधांच्या व्यापारात त्यांनी अमाप संपत्ती मिळविली. १९३६ साली ते निवर्तले, तेव्हा मृत्युपत्रान्वये ती संपत्ती वैद्यकीय संशोधनासाठी एका विश्वस्तनिधीच्या स्वाधीन झाली. याच वेलकम ट्रस्टच्या साहाय्याने १९९३ साली पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी, इंग्लंडमधील साउदॅम्प्टन येथील संशोधकांच्या सहकार्याने, पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मातृपोषणाचा अभ्यास आरंभिला. या माता शरीराने लहानखुऱ्या, गरोदरपणापूर्वी सरासरी सुमारे ४२ किलो वजनाच्या. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. मात्र ही बाळे कृश दिसली तरी त्यांच्या अंगातील चरबी त्या मानाने कमी नव्हती. ज्या माता पालेभाज्या, फळे व दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली निघाली. शिवाय ६० टक्क्यांहून अधिक मातांत ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव आढळली. फॉलिक आम्ल भरपूर पण ब-१२ अपुरे, अशा मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणे सर्वाधिक होती, असे २००८ साली प्रसिद्ध झाले. विल्स यांनी दाखविलेली वाट खरी होती, परंतु एकट्या वाटेने मुक्काम गाठत नव्हता.

तिसरा टप्पा पुन्हा मुंबईचा. २००६ साली झोपडवस्त्यांतील साडेसहा हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. वेलकम ट्रस्टबरोबर पार्थेनॉन ट्रस्टसारख्या दानसंस्थांनीही त्यास हातभार लावला. एका गटास पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ गर्भधारणेपूर्वीपासूनच रोज दिला जाई. दुसऱ्यास बटाटा, कांदा यांसारख्या कमी सत्त्वाच्या पदार्थांचा. एकंदरीत पाहता बाळांच्या वजनात लक्षणीय फरक पडला नाही. गर्भधारणेच्या तीन महिने किंवा त्याहून आधी खाऊ सुरू केलेल्यांत मात्र सुमारे ४८ ग्रॅमची वाढ दिसली. गरोदरपणातील मधुमेहाचे प्रमाणही १२.४ टक्क्यांऐवजी ७.३ टक्के इतके आढळले.

या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, अन्नदात्यास घेणाऱ्याच्या मुखावरचे समाधान तत्काळ दिसते. संशोधनाच्या दात्यास कित्येकदा ‘अपेक्षित फळ मिळाले नाही’ एवढेच उत्तर मिळते. तेही शांतपणे स्वीकारणारे दान अधिक निरपेक्ष होय. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. अहवालाच्या अखेरीस दात्यांची नावे छापली जातात. ज्यांनी आपले रक्त, आपला वेळ आणि आपल्या ताटातील घासाचा हिशेब दिला, त्या स्त्रियांची नावे गुप्त राहतात, व ती राहावीत हेच योग्य. मात्र त्यांचे दान दात्याहून कमी नव्हे. बटाट्याचा खाऊ खाणारीने दिले ते तर परक्या लेकरांसाठी दिले.

सौंसर-पांढुर्णा या संत्र्यांच्या मुलखात, जेथे जामसांवलीच्या देवस्थानी दूरदूरचे आजारी आशेने येऊन राहतात, तेथे काम करणाऱ्या धर्मशिक्षकास हा विषय परका वाटू नये. एखादे संशोधनपथक खेड्यात आले, तर घरची माणसे प्रथम त्यालाच विचारतील. त्याने आंधळेपणाने होकार देऊ नये व भयाने नकारही सुचवू नये. आमच्याकडून काय घेणार, सुनेला मध्येच नाही म्हणता येईल काय, आणि जे कळेल ते आम्हांला येऊन सांगणार काय, हे तीन प्रश्न त्याने त्या कुटुंबाच्या वतीने विचारावेत. त्यांची सरळ उत्तरे मिळाली, तर त्या सुनेचा होकार हे तिचे स्वतःचे दान ठरेल.