राजगडापासून मनगटापर्यंत

भोर व वेल्हे म्हणजे डोंगरी मावळ. त्याचा शिडाच्या नौकांशी काय संबंध, असा प्रश्न ज्ञातिबांधवांस पडणे साहजिक आहे. परंतु २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणजवळ सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला, तेव्हा स्वराज्याची राजधानी वेल्ह्याच्या राजगडावरच होती, हे विसरून चालणार नाही. आज वेल्ह्यात पानशेत व वरसगाव येथे अडविलेले पाणी खाली खडकवासल्यास येते, आणि त्याच जलाशयावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडाची होडी हाकावयास शिकतात.

वाऱ्याच्या तोंडावर कोणतीही शिडाची नौका सरळ जात नाही. मराठी आरमाराच्या गलबतांस वल्ही असत. वारा पडला की ती गुराबांना ओढून नेत. शर्यतीच्या होडीस ही सवलत नाही. तिला वाऱ्याशी सुमारे ४५ अंशांचा कोन राखून, एकदा या अंगाने व एकदा त्या अंगाने, नागमोडीच जावे लागते. नाळ वाऱ्याकडे फार वळविली तर शीड फडफडते व वेग मरतो. फार सोडली तर वेग वाढतो, पण वाट लांबते.

या कामी अलीकडे मनगटावरील जी.पी.एस. घड्याळ आले आहे. अमेरिकेने या योजनेतील पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. नागरी उपयोगासाठीच्या संदेशांत मुद्दाम घातलेली चूक मे २००० मध्ये काढून टाकली गेली, तेव्हा कोठे सुमारे शंभर मीटरांचा घोळ काही मीटरांवर आला. त्यापूर्वी हे यंत्र शर्यतीच्या आरंभरेषेवर कुचकामीच ठरले असते.

आमचा एक भाचा असे घड्याळ बांधून शर्यतीत उतरला आणि मागे पडला. कारण विचारता म्हणाला, "मामा, माझा वेग तर सर्वांहून जास्त होता!" चूक तेथेच होती. ४५ अंशांवर ५ नॉट वेगाने जाणारी होडी वाऱ्याच्या दिशेने साडेतीन नॉट पुढे सरकते. ५५ अंशांवर ५.३ नॉटने धावणारी जेमतेम तीन. आकडा मोठा, प्रगती लहान.

घड्याळास वारा ठाऊक नसतो. जमिनीच्या संदर्भात होडी कोठून कोठे गेली एवढेच ते सांगते. तथापि उपाय आहे. एका अंगावर स्थिर चालून दिशा पाहावी, समजा २२५ अंश. दुसऱ्या अंगावर ३१५. मध्य २७०, म्हणजे वारा पश्चिमेचा. पुढे शिडाचा ताण व वाऱ्याशी कोन तोच असता २२५ चे २१५ झाले, तर वारा फिरला. बहुधा तीच अंग पालटण्याची वेळ. डोंगरांत वसलेल्या भाटघरसारख्या जलाशयावर वारा वारंवार वळतो, तेथे ही नोंद सोन्यासारखी. धरणाच्या पाण्यास ओढ नगण्य असल्याने तेथे घड्याळाचा शब्द बहुतांशी खरा ठरतो. समुद्रावर भरती-ओहोटीचा प्रवाह होडीसह सर्वांस वाहून नेतो, आणि मग हेच गणित फसते. खाडीकाठचा जुना तांडेल हे यंत्रावाचूनच जाणत असे.

आणखी एक गोष्ट. होड्यांच्या कित्येक वर्गांत शर्यत चालू असता जी.पी.एस. वापरण्यास मनाई असते. तेव्हा त्या वर्गाचे नियम आधी वाचावेत. सरावास मात्र कोणाची आडकाठी नाही. घरी येऊन भाच्याने घड्याळात उमटलेली आपली वाट नकाशावर मांडली. तिसऱ्या वळणापूर्वी वारा फिरला होता व तो तसाच बराच वेळ पुढे गेला होता, हे त्याचे त्यानेच बोटाने दाखविले.