झीज की कमजोर ठसा? चांदीच्या डॉलरने मोडलेला माझा एक तक्ता

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी एक तक्ता केला होता. आज तो आठवला की कान लाल होतात. पण तुमच्यापैकी बरेच जण संशोधनाच्या उंबरठ्यावर आहात, तेव्हा तो कसा मोडला ते सांगतेच.

माझा विषय १९१८ साली अमेरिकेतून भारतात आलेली चांदी. पहिल्या महायुद्धात भारतातून प्रचंड माल बाहेर जात होता, त्याचे पैसे इथे रुपयांत चुकवावे लागत होते, आणि लोकांना हातात चांदीचा रुपयाच हवा होता. एक रुपयाची कागदी नोट निघाली ती याच टंचाईत, १९१७ च्या अखेरीस. नोटा देऊन रुपये मागणाऱ्यांची रीघ लागली तेव्हा ब्रिटनने अमेरिकेकडे चांदी मागितली. एप्रिल १९१८ मध्ये तिथे पिटमन कायदा झाला आणि त्याखाली २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले गेले. त्यातली बहुतेक चांदी ब्रिटनमार्फत भारतासाठी आली आणि तिचे रुपये पाडले गेले.

वितळलेले डॉलर मुख्यतः 'मॉर्गन डॉलर' होते. जॉर्ज मॉर्गन याने रचना केलेलं हे नाणं १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ मध्ये पाडलं गेलं. वजन २६.७३ ग्रॅम, चांदी ९० टक्के. एका बाजूला लिबर्टीचा मुखडा, दुसऱ्या बाजूला गरुड. गरुडाखालच्या बारीक अक्षरावरून टांकसाळ कळते: 'ओ' म्हणजे न्यू ऑर्लिन्स, 'एस' म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, 'सीसी' म्हणजे कार्सन सिटी. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर नसतं.

अडचण अशी, की भट्टीत कुठल्या सालची आणि कुठल्या टांकसाळीची किती नाणी गेली याची नोंद कोणी ठेवलीच नाही. मला वाटलं, आज उरलेल्या नाण्यांवरून उलटा हिशेब लावू. मग शेकडो फोटो बघितले. लिबर्टीच्या कानावरचे केस सपाट दिसले की मी 'जास्त वापरलेलं' असं लिहायचे. न्यू ऑर्लिन्सची नाणी सारखी सपाट निघत होती. झालं! मी निष्कर्ष ठोकला: दक्षिणेत डॉलर हातोहात फिरला, म्हणून तिथला साठा कमी वितळला.

सरांनी समासात एवढंच लिहिलं: "ही झीज आहे, की ठसाच कमजोर?"

मला प्रश्नच कळला नाही. मग नाणं कसं पडतं ते वाचायला बसले. चांदीची कोरी चकती दोन साच्यांमध्ये ठेवून जोरात दाबली की धातू साच्याच्या खोलगट भागांत सरकतो. मॉर्गन डॉलरमध्ये कानावरचे केस आणि मागच्या बाजूची गरुडाची छाती हे सगळ्यात उंच भाग, आणि ते साधारण समोरासमोर येतात. दोन्ही बाजूंनी धातू तिथेच ओढला जातो. दाब कमी पडला, किंवा साचे लवकर फुटू नयेत म्हणून त्यांच्यात जरा जास्त अंतर ठेवलं, की नेमके तेच भाग भरत नाहीत. नाणं टांकसाळीतून बाहेर पडतानाच सपाट असतं! न्यू ऑर्लिन्सची टांकसाळ अशा कमजोर ठशासाठी संग्राहकांमध्ये प्रसिद्ध आहे. उलट सॅन फ्रान्सिस्कोची १८८० च्या आसपासची नाणी इतकी कडक उठलेली असतात, की केसांची बट न् बट मोजावी.

मग फरक ओळखायचा कसा? नाणं दिव्याखाली हळूच फिरवा. कोऱ्या नाण्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात. हे पट्टे सपाट भागावरूनही तुटक न होता जात असतील, तर दोष ठशाचा. उंच भागावर चकाकी मरून करडा, गुळगुळीत डाग दिसत असेल, तर ती झीज. दुसरी खूण म्हणजे कमजोर ठशात मूळ चकतीवरचे बारीक ओरखडे आणि खळगे तसेच राहतात, कारण ते दाबून पुसले जाण्याइतका जोरच पडलेला नसतो. आणि गालावरचे खरचटे बघून 'वापरलेलं' म्हणू नका. हजार-हजार नाणी एकेका पिशवीत भरून ठेवत, ती एकमेकांवर आपटून हे व्रण पडतात. अशी नाणी एकदाही बाजारात गेलेली नसू शकतात.

म्हणजे माझा 'वापर' हा रकाना अर्धा तरी खोटा होता.

दुसरा रकाना होता 'दुर्मिळता'. तिथे मी टांकसाळीचे उत्पादनाचे आकडे टाकले होते. पण किती पाडली, किती उरली आणि चांगल्या अवस्थेत किती उरली, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. १८८४ साली सॅन फ्रान्सिस्कोत ३२ लाख डॉलर पडले, कार्सन सिटीत ११ लाख ३६ हजार. आज कोरं नाणं कुठलं सहज मिळतं? कार्सन सिटीचं! त्यातली साडेनऊ लाखांहून जास्त नाणी सरकारी तिजोरीत पडून राहिली आणि १९७२ पासून संग्राहकांना विकली गेली. सॅन फ्रान्सिस्कोची मात्र बाजारात फिरून झिजली. झिजलेलं नाणं आजही सहज मिळतं, कोरं मिळवायला मोठी किंमत मोजावी लागते.

१९०३ सालच्या न्यू ऑर्लिन्सच्या डॉलरची गोष्ट तर मला टोचतेच. साडेचव्वेचाळीस लाख नाणी पडली होती, पण कोरी दिसतच नव्हती. सगळ्यांनी धरून चालवलं, की ती पिटमन कायद्यात वितळली. किंमत १५०० डॉलरच्या घरात गेली. १९६२ च्या अखेरीस तिजोरीतून पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला. नाणी दिसत नव्हती म्हणजे ती नष्ट झाली, हा तर्क माझ्या तक्त्यातलाच होता!

आणि कागदसुद्धा निर्धास्त नाही. १८९५ साली फिलाडेल्फियात चलनासाठी १२,००० डॉलर पाडल्याची नोंद आहे. त्यातलं निर्विवाद असं एकही नाणं आजवर समोर आलेलं नाही. आहेत ती फक्त संग्राहकांसाठी खास पाडलेली, ८८० नोंदवलेल्यांपैकी. ती बारा हजार वितळली, की नोंदच हिशेबापुरती होती, यावर अजून वाद आहे.

तक्ता मी फाडला नाही, पण प्रबंधातून काढला. त्याबरोबर दोन महिन्यांचं काम आणि एक लाडका निष्कर्ष गेला. कुठली नाणी वितळली हे उरलेल्या नाण्यांवरून मला सांगता येणार नव्हतं. मग प्रश्नच बदलला: इतकी मोठी चांदी हलवताना अधिकाऱ्यांनी काय मोजलं आणि काय मोजलं नाही? त्यांना वजन हवं होतं, साल नको होतं. माझं दुसरं प्रकरण आता यावरच उभं आहे.

तुमच्याही तक्त्यात 'सपाट' असा एखादा रकाना असेल. नाणी नसतील तुमची, पुसट शिलालेख असेल, फाटकी वही असेल, कोरी पानं असतील. ते वापरून झिजलंय, की पहिल्यापासून तसंच होतं, हे आधी तपासा. गाईडने समासात विचारण्याआधी!