आधी मठाचं दार उघडलं



दिंडीच्या शताब्दीच्या या अंकात विणेकरी, चोपदार, मृदंगाचार्य, पंगती देणारे दाते या सगळ्यांची नावं वाचायला मिळतील. ती आलीच पाहिजेत. पण आमच्या जुन्या वहीत ज्यांची नावं नाहीत, त्यांच्याबद्दलही चार शब्द लिहिल्याशिवाय आम्हाला हा अंक हातावेगळा करवत नाही.

आमच्या शंभर वर्षांतली पहिली वीसेक वर्षं अशी होती, की कन्हानच्या काठावरून निघालेली सगळी माणसं पंढरीला पोचत, पण सगळी विठ्ठलापर्यंत पोचत नसत. तेव्हा ज्यांना अस्पृश्य म्हणत, ते आपले गावकरी दिंडीच्या मागं अंतर ठेवून चालत. त्यांची चूल वेगळी. चंद्रभागेत अंघोळ करायची, महाद्वारासमोर चोखोबारायांच्या समाधीवर डोकं ठेवायचं, वर कळस पाहायचा आणि तिथूनच परत फिरायचं. एवढ्या लांबून येऊन देवाचं तोंड पाहायचं नाही. बाकीचे आम्ही आत जाऊन पायांवर डोकं ठेवून यायचो. हे आमच्या घरच्या म्हाताऱ्यांनी सांगितलेलं आहे, आणि सांगताना त्यांची मान खाली जायची.

चोखोबा तर आपल्याच विदर्भातले. बुलढाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा हे त्यांचं जन्मगाव मानतात. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर पडून ते गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली. संतांनी त्यांना दारापर्यंत आणलं. दाराच्या आत घ्यायला पुढं सहाशे वर्षं लागली.

ते दार उघडावं म्हणून साने गुरुजी पुढं आले. कार्तिकी १९४६ च्या सुमारास त्यांनी उपोषणाचा निश्चय सांगितला. लोकांचं मन आधी तयार करू, असं सहकाऱ्यांनी विनवलं, म्हणून सहा महिने थांबले. त्या दिवसांत सेनापती बापटांना बरोबर घेऊन ते गावोगाव फिरले. गावागावांतली देवळं आणि विहिरी खुल्या झाल्या. पण पंढरपूरचं दार काही हललं नाही. शेवटी १ मे १९४७ ला गुरुजी उपोषणाला बसले.

बसले कुठं, हे आम्हा वारकऱ्यांना ठाऊक असायला पाहिजे. पंढरपुरात विरोध मोठा होता. गुरुजींनी भीमेपलीकडं परत जावं, अशा घोषणा होत होत्या. अशा वेळी कुशाबा तनपुरे महाराजांनी आपल्या मठात त्यांना जागा दिली.

आता कोणी म्हणेल, जागा दिली यात एवढं काय? माऊली, मठ कशावर चालतो ते आपल्याला माहीत आहे. वारकऱ्याच्या शिध्यावर चालतो, कीर्तनाच्या बोलावण्यावर चालतो. संप्रदायातल्या चार मोठ्या माणसांनी पाठ फिरवली की मठाची चूल थंड पडते. आणि तेव्हा संप्रदाय एका मताचा नव्हता. शास्त्राचा आधार देऊन दार बंदच राहावं म्हणणारे पुष्कळ होते. बाहेरचा पुढारी भाषण करून आपल्या गावी जाऊ शकतो. महाराजांना मात्र त्याच पंढरीत, त्याच माणसांत राहायचं होतं.

मधेच गांधीजींची तार आली, उपोषण थांबवा म्हणून. त्यांच्यापर्यंत खरी माहिती पोचली नव्हती. गुरुजी डगमगले नाहीत. मठही त्यांच्या पाठीशी राहिला. दादासाहेब मावळंकरांनी मध्यस्थी केली, बडव्यांनी मान्यता दिली आणि १० मे ला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई प्रांतात मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. पुढं १९५० च्या राज्यघटनेनं अस्पृश्यताच बंद केली.

आमचं म्हणणं एवढंच आहे. कायदा सरकारनं केला, प्राण गुरुजींनी पणाला लावले. पण आपला एक महाराज आधी आपल्या मठाचं दार उघडतो, तेव्हा ही मागणी बाहेरची राहत नाही, घरची होते. शेंडगावच्या गाडगेबाबांनी हेच केलं होतं. त्यांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली, ज्यांना कुठं पाठ टेकायला जागा नव्हती त्यांच्यासाठी.

आमच्या भागातही हाक देणारे होते. धापेवाड्याला आपण विदर्भाची पंढरी म्हणतो. त्याच मुलखातल्या मोहप्याला १८७९ साली किसन फागोजी बनसोडे जन्मले. त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली, वर्तमानपत्र चालवलं. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालालजी बजाजांनी १९२८ मध्येच सगळ्यांना खुलं केलं होतं. म्हणजे वाट दिसत नव्हती असं आम्हाला म्हणता येणार नाही. वाट दिसत होती, आम्हीच पाय उचलला नाही.

उशिराची किंमतही लिहिली पाहिजे. बाबासाहेबांनी १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारात सत्याग्रह सुरू केला. लोकांनी पाच वर्षं वाट पाहिली, दार उघडलं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो लोकांसह बौद्ध धम्म घेतला. आमच्या दिंडीमागं चालणाऱ्यांपैकी बरीच घरं त्या वाटेनं गेली. त्यांना नावं ठेवायचा अधिकार आम्हाला नाही. ज्या घरात उंबऱ्याबाहेर उभं केलं जातं, त्या घरात माणसानं किती पिढ्या थांबायचं?

आज दिंडीत एकच चूल आहे, एकच पंगत आहे. पण जुनी वही आम्ही पुन्हा उघडून पाहिली, तर मागून चालणाऱ्या त्या माणसांचं एकही नाव तिच्यात सापडलं नाही. त्यांनीही तेच ऊन सोसलं, तोच गजर केला.

म्हणून मौद्यातल्या आणि भोवतालच्या गावांतल्या सगळ्या घरांना हात जोडून विनंती. तुमचा आजा, पणजी कधी या दिंडीमागं चालली असेल, तर नाव सांगा. तुम्ही आज कोणत्याही धर्मात असा, दिंडीत या न या, नाव तेवढं सांगा. वहीची पहिली काही पानं आम्ही कोरी ठेवली आहेत.

रामकृष्ण हरी.